चेअरमनसाहेब, चिपाडातली साखर राहिलीच की! साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या सगळ्या सहकारी साखर कारखान्यांचे मा. चेअरमन, व्हाइस चेअरमन आणि संचालक मंडळ,

सप्रेम नमस्कार.

मी दातांची डॉक्टर. ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी पंधरा-सोळा वर्षं दवाखाना चालवते, आणि वडील तुमच्यातल्याच एका कारखान्याचे सभासद आहेत, कोणत्या ते लिहीत नाही कारण आबांना अजून ऊस घालायचाय आणि तोड वेळेवर यायला पाहिजे. म्हणजे आमचं घर दोन्हीकडून साखरेवरच चाललंय, आबांचं उसावर आणि माझं साखरेनं किडलेल्या दातांवर, त्यामुळं तुम्हाला शहाणपण शिकवायचा आव मी आणत नाहीये, धंदा तुमच्यामुळंच आहे माझा. पण उसाच्या चिपाडातनं दात न किडवणारी एक साखरपण काढता येते, तिच्याबद्दल हे पत्र आहे.

मागच्या हंगामातली गोष्ट. जानेवारी, थंडी मरणाची. संध्याकाळी सात वाजता ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई पोरीला घेऊन आली, पोरगी असेल सहा वर्षांची, उजवा गाल असा सुजलेला की डोळा अर्धा मिटलेला. तोंड उघडून बघितलं तर वरचे पुढचे चारही दात नुसती काळी खुंटं, हिरडीच्या लेव्हलला, आणि मागं एका दाढेत पू. आई म्हणाली, दुधाचे दात हायेत ना बाई, पडणारच हायेत की. काय बोलणार! विचारलं दिवसभर काय खाते, तर पहाटे आई-बाप फडात जाताना कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, चहा-बटर ठेवून जातात, पुन्हा दहाला चहा, मधे ऊस, दुपारी भाकरी, मग परत ऊस, संध्याकाळी चहा. आणि हे सांगत असताना पोरीच्या हातात उसाचं कांडं होतंच, पुढचे दात नाहीत म्हणून ती ते दुखत नसलेल्या बाजूच्या दाढेनं सोलत होती, सवयीनं, अगदी सफाईनं. पू काढला, औषधं दिली, तिसऱ्या दिवशी दाढ काढायला बोलावलं. आईनं पदराच्या गाठीतनं शंभराची नोट काढली, म्हणाली वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, विकून आलेत. मी काही ते घेतले नाहीत, पण ते सांगायला हे पत्र नाहीये. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही, टोळीचा फड बदलला होता.

ही एकच पोरगी असती तर पत्र लिहिलं नसतं. आणि फक्त टोळ्यांचीच मुलं अशी येतात असंही नाही, सभासदांची, संचालकांची, प्राध्यापकांची सगळ्यांची येतात, फरक एवढाच की त्यांच्या दाढेत मी रूट कॅनाल करते आणि यांची उपटते. भारतीय दंत परिषदेनं २००२-०३ मध्ये देशभर जो सर्व्हे केला त्यात बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांचे दात किडलेले निघाले होते. त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण माझ्या खुर्चीवरून तरी काही सुधारल्यासारखं वाटत नाही, उलट आता वाडीवस्तीवरच्या टपरीवरपण रंगीत जेली लटकत असते.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या कारखान्यात ऊस गाळला की साखर होते, मळी होते, मळीचं आता इथेनॉल होतं, प्रेसमडचं म्हणजे रसातल्या गाळाचं खत होतं, आणि चिपाडं म्हणजे तुमचं बगॅस बॉयलरला जातं, वीज होते, जास्तीची विकता पण. काही वाया जात नाही असं प्रत्येक वार्षिक सभेत सांगितलं जातं आणि आम्ही टाळ्या वाजवतो. पण साहेब, एक गोष्ट राहिलीच की. त्या चिपाडात अजून एक साखर आहे. रसातली नव्हे, चिपाडाच्या धाग्यातच बांधलेली. ती सोडवून घेतली, तिच्यावर थोडी प्रक्रिया केली की झायलिटॉल नावाचा पांढरा दाणेदार पदार्थ मिळतो, दिसायला साखर, गोडीला जवळजवळ साखरेइतकाच, आणि दात किडवत नाही. तेच तुम्ही दर हंगामात बॉयलरमध्ये घालताय.

झायलिटॉल हे काही कालचं फॅड नाही. १८९१ च्या सुमाराला जर्मनीत एमिल फिशर आणि फ्रान्समध्ये बर्ट्रां, दोघांनी ते वेगवेगळं तयार केलं होतं, मग कित्येक वर्षं ते असंच पडून राहिलं. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडमध्ये साखरेची टंचाई झाली तेव्हा तिथल्या लोकांनी बर्चच्या लाकडापासून ते काढायचा प्रयत्न केला. आणि आता नीट ऐका, कारण ही गोष्ट खास तुमच्यासाठी आहे. त्याला पुढं नेलं ते कुणा औषध कंपनीनं नाही, फिनलंडच्या साखर कंपनीनं. होय, साखरच विकणाऱ्या कंपनीनं. तुर्कू नावाच्या शहरातल्या विद्यापीठात शाइनिन आणि माकिनेन या दोघांनी १९७२ पासून दोन वर्षं सव्वाशे माणसांवर अभ्यास केला, तीन गट, एकाला नेहमीची साखर, एकाला फ्रुक्टोज, एकाला झायलिटॉल, म्हणजे जेवणातला जवळजवळ सगळा गोडवाच बदलून टाकला. झायलिटॉलवाल्यांचे नवीन दात किडण्याचं प्रमाण साखरवाल्यांपेक्षा ८५ टक्क्यांहून जास्त कमी आलं. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, माणसं कमी होती, हे सगळं मान्य, पण त्या निकालानं दातांच्या डॉक्टरांची झोप उडाली एवढं खरं. १९७५ मध्ये तिथं झायलिटॉलचं च्युइंगम बाजारात आलं, साखर कंपनीनं त्याचं मोठं उत्पादन सुरू केलं, आणि फिनलंडच्या पाळणाघरात जेवण झालं की पोरांच्या हातावर झायलिटॉलची गोळी ठेवायची पद्धत पडली, आपल्याकडं जेवणानंतर बडीशेप देतात ना, तसं.

हे कसं काम करतं ते तुमच्याच भाषेत सांगते, म्हणजे संचालक मंडळात कुणाला परत समजावून सांगावं लागणार नाही. दात किडवणारा मुख्य जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. आपण गोड खाल्लं की तो ती साखर खातो आणि आम्ल सोडतो, तोंडातला पीएच (आम्ल मोजायचं माप, आकडा जेवढा कमी तेवढं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातलं कॅल्शियम विरघळायला लागतं, आणि लाळेनं ते परत जागेवर यायला साधारण अर्धा तास जातो. दिवसातनं सहा वेळा गोड खाल्लं म्हणजे सहा अर्धे तास. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा आणि किती चिकट खाल्लं ते जास्त महत्त्वाचं, हे स्वीडनमध्ये चाळीस-पन्नासच्या दशकातच कळलं होतं, ते कळावं म्हणून त्यांनी एका संस्थेतल्या मतिमंद माणसांना मुद्दाम टॉफ्या चारल्या, तो वेगळाच लाजिरवाणा प्रकार. तर झायलिटॉल आलं की हा जंतू त्याला साखर समजून आत घेतो, आत घ्यायला स्वतःची ताकद खर्च करतो, आणि आत घेतल्यावर कळतं की याचं काहीच करता येत नाही. मग परत ताकद लावून बाहेर टाकतो. म्हणजे मुकादमानं टोळीला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिली आणि टोळी फडावर आलीच नाही, तशी गत. उचल बुडाली, ऊस उभा. असं दिवसातनं चार-पाच वेळा झालं की जंतूची वाढ मंदावते, आम्ल होत नाही, वर चघळल्यामुळं लाळ सुटते ती निराळीच.

आपल्यासारख्या ऊस पिकवणाऱ्या मुलुखातलं उदाहरण पाहिजे असेल तर मध्य अमेरिकेतलं बेलीझ बघा, तिथंही उसाची शेतं आणि तिथंही पोरांचे दात खराब. १९८९ पासून चाळीस महिने शाळेतल्या मुलांना वेगवेगळी च्युइंगमं देऊन बघितली, सगळ्यात चांगला परिणाम पूर्ण झायलिटॉल असलेल्या गमचा आला, साखरेचं गम चघळणाऱ्यांचे दात आणखी बिघडले. आणि मला स्वतःला सगळ्यात पटलेला अभ्यास आयांचा आहे, फिनलंडचाच, २००० साली छापून आलेला. बाळाच्या तोंडात हे जंतू जन्मतः नसतात, ते बहुतेक वेळा आईच्या लाळेतनं येतात, आई भात गरम आहे का ते स्वतःच्या तोंडात घालून बघते आणि तोच चमचा बाळाच्या तोंडात, आपल्या घराघरात चालतं. ज्या आयांच्या तोंडात हे जंतू भरपूर होते त्यांना बाळ तीन महिन्यांचं असल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंत झायलिटॉलचं गम चघळायला दिलं, बाळाला काहीच दिलं नाही. तुलनेला ज्या आया होत्या त्यांच्या दातांना फ्लोराइडचं किंवा जंतुनाशक वार्निश लावलं होतं. पोरं पाच वर्षांची झाली तेव्हा गम चघळलेल्या आयांच्या मुलांत कीड साधारण ७० टक्के कमी निघाली. आईनं गम चघळलं आणि पोराचे दात वाचले, सासूबाईंना समजावून सांगायला जरा अवघड जाईल पण आहे हे असं.

एवढं वाचून तुमच्यातला एखादा उत्साही संचालक लगेच म्हणेल, चला, शुगर फ्री पेढा काढू, मधुमेहवाल्यांसाठी स्पेशल, दिवाळीला लाँच. थांबा जरा. मी प्रयोग करून बघितलाय.

ऑनलाइन अर्ध्या किलोचं पाकीट मागवलं, त्या पैशात दहा किलोच्या आसपास साखर आली असती हे आबांनी लगेच काढून दाखवलं. चहात घातलं, चहा झकास झाला, कुणाला फरक कळला नाही. मग म्हटलं शेंगदाण्याची चिक्की करूया संक्रांतीला. पाक होईचना. झायलिटॉल शंभर डिग्रीच्या आतच वितळतं, पाण्यासारखं पातळ होतं, पण साखरेसारखा तांबूस खमंग पाक त्याचा होत नाही, थंड झाल्यावर नुसतं पांढरं धरून येतं. शेवटी त्याचेच लाडू वळले. आबांनी एक तोंडात टाकला आणि म्हणाले, अगं थंड लागतंय, पेपरमिंट घातलंस का यात? कारण हे जिभेवर विरघळताना गारवा देतं. मग गार लागतंय गार लागतंय म्हणत पाच लाडू खाल्ले आणि रात्रभर परसाकडं फेऱ्या. हे होतं, एकदम जास्त खाल्लं की आतड्यात नीट शोषलं जात नाही, पाणी ओढून घेतं आणि पोट ढिलं होतं, म्हणून पाकिटावर पॉलिऑलनं (झायलिटॉल ज्या जातीतलं आहे त्या पदार्थांनी) जुलाब होऊ शकतात अशी सूचना छापलेली असते. आबा ती वाचत नाहीत. आता आमच्या घरात त्याचं नावच पडलंय, जुलाबी साखर.

त्यात आणखी एक. २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या लोकांनी युरोपियन हार्ट जर्नलमध्ये छापलं की ज्यांच्या रक्तात झायलिटॉल जास्त सापडलं त्यांना हार्ट अॅटॅक, स्ट्रोकचा धोका जास्त दिसला, आणि तीस ग्रॅम झायलिटॉल घातलेलं पेय प्यायल्यावर रक्त गोठवणाऱ्या पेशी जास्त चळवळ्या झाल्या. यावर अजून वाद चालू आहे, शरीर स्वतःपण थोडं झायलिटॉल तयार करतं, त्यामुळं रक्तातलं नेमकं कुठून आलं हाही प्रश्न आहेच. पण माझं म्हणणं सोपं आहे. दातासाठी लागतं दिवसाला पाच-सहा ग्रॅम, ते पण तीन-चार वेळा विभागून, जेवणानंतर, चघळून. तीस ग्रॅमचा पेढा नाही. औषधासारखं वापरा, बासुंदीसारखं नको.

आणि माझ्याच धंद्यातल्या लोकांनी दाखवलेल्या शंका लपवून ठेवल्या तर मीपण जाहिरातवाल्यांच्या लायनीत जाऊन बसेन, म्हणून त्यापण सांगते. २०१५ मध्ये कोक्रेनवाल्यांनी, म्हणजे वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या संस्थेनं, सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा फ्लोराइडच्या पेस्टमध्ये झायलिटॉल असेल तर मुलांत कीड साधारण १३ टक्क्यांनी जास्त कमी होते एवढंच त्यांना सापडलं, आणि तोही पुरावा कच्चा, बाकी गोळ्या-गमबद्दल ठाम काही सांगता येत नाही म्हणाले. अमेरिकेत मोठ्या माणसांना जवळजवळ तीन वर्षं रोज गोळ्या दिल्या, एकूण कीड फारशी कमी झाली नाही, फक्त मुळाशी लागणारी कीड बरीच कमी झाली. म्हणजे हा काही रामबाण नाही. फ्लोराइडची पेस्ट, दिवसातनं दोनदा ब्रश, आणि अधेमधे गोड कमी, याच्या जागी झायलिटॉल नाही, याच्या सोबतीला. आमच्याकडं तर अजून निम्म्या बायका मिश्री लावतात, ती आधी सुटली पाहिजे.

तरी मग मी ह्याच्या मागं का लागलेय? कारण त्या पोरीला मी गोड खाऊ नकोस म्हणून सांगू शकत नाही. उसाच्या फडात राहणाऱ्या पोराला ऊस खाऊ नको सांगणं म्हणजे समुद्रकाठच्याला मासा खाऊ नको म्हणण्यासारखं. तिच्या आईला दुपारी ब्रश करून घे सांगणंही व्यर्थ आहे, ती दुपारी फडात असते. पण जेवणानंतर एक गोळी चघळ, हे सहा वर्षांची पोरगी एकटीसुद्धा करेल, उलट आनंदानं करेल, गोडच आहे ना ती.

लोक मला म्हणतात मॅडम, मग गूळ द्या की, नैसर्गिक आहे. नैसर्गिक हा शब्द ऐकला की माझं डोकंच उठतं. गूळ उसाचाच आहे, साखरच आहे, वर चिकट, दाताला चिकटून बसतो. मधाचं तेच. उलट झायलिटॉल फुलकोबीत, आलुबुखारात, स्ट्रॉबेरीत असतं म्हणून त्याला नैसर्गिक म्हणतात, पण पोतं भरून करायचं तर धाग्यातली साखर आम्लानं सुटी करायची आणि निकेलच्या साहाय्यानं तिच्यात हायड्रोजन घालायचा, एवढी सगळी केमिस्ट्री करावी लागते. नैसर्गिक असो नसो, जंतूला पचत नाही हा त्याचा गुण. स्टीव्हियापण दात किडवत नाही, आपल्याकडं २०१५ पासून परवानगी आहे त्याला, पण पिढ्यान्‌पिढ्या साखरेच्या चहावर वाढलेल्या माणसाला तो कडवट लागतो, आबांनी एका घोटात कप बाजूला ठेवला.

बाजारात शुगर फ्री गम मिळतातच की, असंही कुणी म्हणेल. मिळतात, पण पाकीट उलटं करून घटक वाचा. जो पदार्थ वजनानं जास्त तो आधी लिहिलेला असतो. बऱ्याच पाकिटांवर आधी सॉर्बिटॉल म्हणजे ४२० नंबर, मग माल्टिटॉल म्हणजे ९६५, आणि झायलिटॉल म्हणजे ९६७ हा शेवटी कुठंतरी चवीपुरता. सॉर्बिटॉल वाईट नाही, पण जंतू ते हळूहळू का होईना पचवतात. खरं झायलिटॉल महाग, आणि ते बनवण्यात चीन सगळ्यात पुढं, तिथं मक्याच्या बुरकुंड्यांपासून करतात. आपल्याकडं उसाचे डोंगर पडलेत आणि दात वाचवायची साखर समुद्रापलीकडून मागवतोय, यात तुम्हाला काहीच खटकत नाही?

हिशेब करून बघा. दिवसाला पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात बगॅस निघतं चौदाशे-पंधराशे टन, त्यातलं निम्मं पाणी, राहिलेल्या सुक्या मालात साधारण पाव भाग हेमिसेल्युलोज, म्हणजे ज्यातनं ही साखर सुटते तो भाग. कागदावर दिवसाला पावणेदोनशे टन. हातात किती पडेल ते वेगळं, शुद्ध करण्यातच सगळा खर्च आणि घट आहे हे मला माहीत आहे, मी काही कारखाना चालवलेला नाही. पण दुसऱ्या बाजूचा हिशेब बघा. एका पोराला दिवसाला पाच ग्रॅम, शाळेचे दोनशे दिवस धरले तर वर्षाला एक किलो. फक्त एक किलो! हजार पोरांना एक टन. तुमच्या एका कारखान्याच्या एका दिवसाच्या बगॅसमधला चिमूटभर भाग वळवला तरी आख्ख्या जिल्ह्याच्या कोप्यातली पोरं भागतील. आणि उरलेला लाकडासारखा भाग वाळवून परत बॉयलरलाच जातो, तुमची वीज काही बुडत नाही.

आयआयटी गुवाहाटीच्या लोकांनी काही वर्षांपूर्वीच उसाच्या चिपाडापासून यीस्ट वापरून झायलिटॉल करून दाखवलं, अल्ट्रासाउंड सोडून आंबवण्याचा वेळ ४८ तासांवरून १५ तासांवर आणला. आसामच्या संस्थेनं उसाच्या चिपाडाचा विचार केला, आपण पुण्याजवळच्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या शेजारी बसून काय करतोय? त्यांच्याकडं प्रयोगशाळा आहे, माणसं आहेत, पैसे तुमचे आहेत. सगळ्यांनी मिळून एकच पायलट प्लांट उभा करायचा, प्रत्येकानं वेगळा नको, नाहीतर उद्घाटनाच्या कोनशिला तेवढ्या होतील.

आणि खरं सांगायचं तर तुम्हालाच हे सगळ्यात सोपं आहे. १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना चालू केला, आज त्याच परिसरात लोणीला डेंटल कॉलेज आहे. कराड, सांगली, कुठंही जा, कारखान्यापासून तासाभराच्या अंतरावर डेंटल कॉलेज सापडतंच. साखर आणि दात दोन्ही एकाच ऊसपट्ट्यात, मधे फक्त एक रस्ता. मी शिकत होते तेव्हा हॉस्टेलच्या गच्चीवरून चिमणी दिसायची आणि मळीचा वास यायचा, आम्ही हसायचो, म्हणायचो पेशंट तयार होतायत. कुणीतरी तो रस्ता ओलांडून पलीकडं जावं एवढंच म्हणणं आहे. कॉलेजची पोरं इंटर्नशिपला कॅम्प घेतातच, त्यांना टोळ्यांच्या तळावर पाठवा, दात मोजू दे, गोळ्या देऊ दे, दोन हंगाम नोंदी ठेवू दे, गोळ्या मिळालेली पोरं आणि फक्त पेस्ट-ब्रश मिळालेली पोरं, चिठ्ठ्या टाकून ठरवा. फायदा नाही दिसला तर मीच पुढच्या वर्षी दुसरं पत्र लिहीन, माझं चुकलं म्हणून.

एक गोष्ट विसरू नका, आणि ही गमतीत घेऊ नका. कुत्रं. माणसाला लगेच जुलाबापलीकडं फार काही होत नाही, पण कुत्र्याच्या पोटात झायलिटॉल गेलं की त्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरते, झटके येतात, लिव्हर निकामी होऊ शकतं, आणि साखर उतरायला मात्रा किती पुरते तर किलोमागं एक दशांश ग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅम. टोळीबरोबर, गाड्यांबरोबर कुत्री असतातच, कोपीच्या दारात बसलेली. गोळ्यांची बरणी वर टांगायची, डब्याला झाकण, आणि पोरांना सांगायचं की ही मोत्याला द्यायची नाही, पोरं प्रेमानं हमखास देतात. चेअरमनसाहेबांच्या बंगल्यावरच्या लॅब्राडॉरलाही हाच नियम. आणि चार वर्षांच्या आतल्या पोराला गम किंवा कडक गोळी नको, घशात अडकते.

प्लांट व्हायला वर्षं जातील, डीपीआर म्हणजे प्रकल्पाचा अहवाल होईल, अभ्यास दौरा होईल (फिनलंडला जायला सगळे तयार असतील, उन्हाळ्यात जा, हंगाम संपल्यावर), मग निवडणूक लागेल. तोवर थांबायचं कारण नाही. दिवाळीला सभासदाला सवलतीची साखर देता ना, त्या पोत्याबरोबर घरटी दोन ब्रश आणि फ्लोराइडची एक पेस्ट द्या, साखरेच्या मानानं काहीच किंमत नाही तिची. टोळी तळावर उतरते त्या दिवशी गाडीतळावर नोंद करता, कोयते (म्हणजे तोडणारी जोडपी) किती, बैल किती, त्यातच पोरं किती हे लिहायचा एक रकाना वाढवा, पोरांचा आकडाच आज कुठल्या वहीत नसतो. हंगाम सुरू करताना गव्हाणीत मोळी टाकायचा कार्यक्रम असतो तेव्हा सत्यनारायण, प्रसाद, फेटे सगळं होतं, त्याच मांडवात एक डॉक्टर बसवा, मी येते, खुर्ची माझी.

आणि बॅनरवर फोटो नाही लागला तरी चालेल माझा, आबांचा लावा, त्यांना आवडेल.

सप्टेंबरमध्ये वार्षिक सभा आहे. विषयपत्रिका वाचली जाते, खालून मंजूर मंजूर असा आवाज येतो, कुणी काय मंजूर केलं ते कुणालाच माहीत नसतं, एका वर्षी आबा लाउडस्पीकर तपासायला केलेल्या हॅलो हॅलोलापण मंजूर म्हणाले होते. या वेळी ऐनवेळच्या विषयात हा विषय मी लेखी देतेय, आबांची सही घेऊन, कारण मी स्वतः सभासद नाही, जमीन भावाच्या नावावर आहे, तो वेगळा विषय. सूचक आबा. अनुमोदक शोधतेय, आबांच्या वयाचे सगळे सभासद कवळी बसवायला माझ्याकडंच येतात, त्यातला एकजण तरी हो म्हणेल.

तोवर एवढं करा, शेतकी ऑफिसातनं या हंगामाला किती टोळ्या, कुठल्या तळावर, आणि प्रत्येकीत चार ते बारा वयाची पोरं किती एवढा आकडा काढून ठेवा. पहिल्या तळाच्या गोळ्या मी स्वतःच्या खर्चानं मागवते, आकडा कळला की ऑर्डर टाकते, यायला पंधरा दिवस लागतात.

आपली,
एका सभासदाची मुलगी आणि तालुक्याची दातवाली बाई